सुट्टी कोणी मागितली?

१९३९ साली अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण दोनदा झाला. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ही लिंकनच्या काळापासून चालत आलेली रीत. त्या वर्षी नोव्हेंबरात गुरुवार पाच आले आणि शेवटचा पडला ३० तारखेला. नाताळच्या खरेदीला हात घालायचा तो थँक्सगिव्हिंग उरकल्यावरच, असा तिथला अलिखित नियम. मंदीतून देश अजून पुरता सावरला नव्हता आणि खरेदीचे दिवस कमी पडणार म्हणून मोठ्या दुकानदारांच्या पोटात गोळा आला. त्यांनी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टना गळ घातली, आणि रूझवेल्टनी सण आठवडाभर अलीकडे ओढून २३ तारखेला आणून ठेवला. मग जो गहजब उडाला तो विचारू नका. कॅलेंडरं छापून झाली होती, कॉलेजांचे फुटबॉलचे सामने ठरले होते. साधारण निम्म्या राज्यांनी नवी तारीख पाळली, निम्म्यांनी जुनी, टेक्सासने दोन्ही दिवस सुट्टी देऊन टाकली. अटलांटिक सिटीच्या महापौरांनी या नव्या सणाचं 'फ्रँक्सगिव्हिंग' असं बारसंही केलं. हा घोळ १९४१ च्या डिसेंबरात मिटला. काँग्रेसने कायदाच केला: चौथा गुरुवार, विषय संपला.

स्मार्त आणि भागवत अशा दोन-दोन एकादश्या बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात फारसं नवल वाटू नये. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांतले गणपती एखाद्या वर्षी महिनाभर आधी येऊन जातात, आणि त्याच घरातली मंडळी पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांच्या आरतीला झांजा वाजवतात. आपला वाद ग्रहगणिताचा असतो. रूझवेल्टचा वाद गल्ल्याचा होता, आणि तसा तो आहे हे कोणी लपवलंही नाही.

अमेरिकन सणांबद्दल मला कुतूहल आहे ते यामुळेच. आपले बहुतेक सण कधी, कोणी, कशासाठी सुरू केले ते काळोखात आहे. तिथले सण मात्र छापखाना आल्यानंतर जन्मले. कोणी पत्र लिहिलं, कोणी अर्ज केला, कोणी विरोध केला, सगळं दप्तरी जमा आहे. परंपरा कशी शिवली जाते ते बघायचं असेल तर त्या कापडाची उलटी बाजू तिथे उघडी पडलेली दिसते.

आणि तरीही सणांवर वाद घालताना आपण तो उपयोग करत नाही. दर डिसेंबरात घरच्या ग्रुपवर कोणी ना कोणी टाकतंच: २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस नाहीच, ती मूळची रोमन सूर्यपूजा. ऑक्टोबर संपता संपता दुसरा मेसेज: हॅलोवीन ख्रिश्चनांचं नाही, केल्टिक लोकांच्या साविन सणावरून उचललेलं आहे. या मेसेजांत थोडं तथ्य असतं, थोडी भर असते. पण पाठवणाऱ्याला इतिहासात रस असतो असं मला वाटत नाही. त्याला हवा असतो सातबारा. जमीन मुळात कोणाच्या नावावर होती, सांगा, म्हणजे आजच्या कब्जेदाराला उठवता येईल.

माझं म्हणणं असं की सणांचा सातबारा कितीही मागे नेला तरी हाती काही लागत नाही. बघायची असते ती फेरफाराची नोंद. नाव चढवायला अर्ज कोणी केला, कोणत्या साली, कोणाकडे, आणि हरकत कोणी घेतली. सणाचा अर्थ त्या अर्जात असतो.

थँक्सगिव्हिंगचंच बघा. शाळेत शिकवतात ती गोष्ट १६२१ ची: इंग्लंडहून येऊन अमेरिकेतल्या प्लिमथला उतरलेले पिल्ग्रिम, पहिल्याच हिवाळ्यात त्यांतली निम्मी माणसं दगावली, मग तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवलं, पीक आलं, दोघांनी मिळून जेवण केलं. या जेवणाचा प्रत्यक्ष पुरावा केवढा? त्या वर्षी डिसेंबरात एडवर्ड विन्स्लो याने इंग्लंडला पाठवलेल्या पत्रातला एक परिच्छेद हा मुख्य आधार. पीक घरात आल्यावर चार माणसं पक्षी मारायला गेली. मासासोइट हा वाम्पानोआगांचा प्रमुख नव्वदेक माणसं घेऊन आला. तीन दिवस खाणंपिणं झालं, पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. टर्कीचं नाव त्यात नाही आणि थँक्सगिव्हिंग हा शब्दही नाही. त्या लोकांच्या बोलीत थँक्सगिव्हिंग म्हणजे प्रार्थनेचा दिवस, मेजवानीचा नव्हे. पुढे दोनशे वर्षं त्या परिच्छेदाची फारशी कोणाला आठवण नव्हती. १८४१ मध्ये बॉस्टनच्या अलेक्झांडर यंग यांनी पिल्ग्रिमांची जुनी कागदपत्रं छापली आणि या परिच्छेदाखाली तळटीप दिली की हे पहिलं थँक्सगिव्हिंग. एका तळटिपेने राष्ट्राला मूळपुरुष मिळवून दिले!

सण राष्ट्रीय झाला तो मात्र तळटिपेमुळे नव्हे. त्यासाठी झिजली सारा जोसेफा हेल नावाची बाई. लवकर वैधव्य आलेली, पाच मुलं वाढवलेली, आणि बायकांच्या एका अफाट खपाच्या मासिकाची संपादक. न्यू इंग्लंडमध्ये राज्याराज्यांतून वेगवेगळ्या तारखांना पाळला जाणारा हा दिवस सगळ्या देशाने एकाच तारखेला पाळावा म्हणून तिने सतरा वर्षं अग्रलेख लिहिले, गव्हर्नरांना पत्रं लिहिली, एकामागून एक अध्यक्षांना लिहिली. २८ सप्टेंबर १८६३ ला तिने लिंकनना लिहिलं तेव्हा ती ७४ वर्षांची होती. पाचच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, जाहीरनामा निघाला. यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. जाहीरनाम्यात पिल्ग्रिमांचा उल्लेख नाही, वाम्पानोआगांचा नाही, मक्याचा नाही. आहे ते युद्ध, आणि युद्धात विधवा झालेल्या, पोरक्या झालेल्या माणसांची आठवण. देश फुटतोय, तो निदान एका दिवशी एका पंगतीला बसावा, ही त्यामागची धडपड. १६२१ चं जेवण तिथे नंतर वाढण्यात आलं.

माझी बहीण न्यू जर्सीला असते. काही वर्षांपूर्वी मी नोव्हेंबरात तिच्याकडे होतो. भाची दुसरीत. एक दिवस ती शाळेतून कागदी पिसांची पट्टी डोक्याला बांधून आली. हातात तळव्याचा छाप: चार बोटं म्हणजे टर्कीची पिसं, अंगठा म्हणजे तिची मान. वर्गातल्या निम्म्या पोरांनी पिल्ग्रिमांच्या काळ्या टोप्या केल्या होत्या, निम्म्यांनी ही पिसं. "तू पिसं का घेतलीस गं?" असं विचारलं तर म्हणाली, "टीचर म्हणाल्या, इंडियन कोण होणार? मग मी हात वर केला." जेवताना तिला शंका आली. "मामा, पण आपण नक्की कोण? पिल्ग्रिम की इंडियन?" मी काही बोलणार तेवढ्यात बहिणीने आमटी वाढता वाढता निकाल दिला: "आपण दोन्ही नाही. आपण शाकाहारी."

हसून सोडून द्यायची गोष्ट आहे, पण मला ती सुटली नाही. पोरीने विचारलं होतं ते बरोबर होतं. या पंगतीत आपलं पान कोणत्या बाजूला? समुद्र ओलांडून आलेल्यांच्या, की ज्यांना 'इंडियन' हे नाव चुकून चिकटलं त्यांच्या?

१९७० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने पिल्ग्रिमांचं मेफ्लॉवर जहाज आल्याला ३५० वर्षं झाली म्हणून मेजवानी ठरवली आणि वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग माणसाला बोलायला बोलावलं. भाषणाचा मसुदा आधी मागून घेतला. त्यात थडगी उकरणाऱ्या, मका आणि घेवडा चोरणाऱ्या पिल्ग्रिमांचं वर्णन होतं. संयोजकांनी दुसरं, सौम्य भाषण पुढे केलं. त्याने ते वाचायला नकार दिला आणि त्याच नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, प्लिमथच्या कोल्स हिलवर लोक जमवून शोकदिन पाळला. तेव्हापासून दर वर्षी तो पाळला जातो. याला 'सणात विघ्न' म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. हेलबाईंनी अर्ज केला तसा जेम्सने हरकतीचा अर्ज केला. दोन्ही एकाच सणाच्या दप्तरात लागले, आणि लागायलाच हवेत. सण जिवंत असल्याची ती खूण आहे. ज्या सणाबद्दल कोणाची काही तक्रारच नाही तो बहुधा बँक हॉलिडे झालेला असतो.

नाताळबद्दल थोडक्यात. (हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'नाताल'वरून आला, मराठीने त्याचा सातबारा मागितला नाही, सरळ वापरला.) २५ डिसेंबरला येशूचा जन्म झाल्याचा बायबलात आधार नाही, हा शोध ग्रुपवरच्या काकांनी लावलेला नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कट्टर प्युरिटन ख्रिश्चनांचं म्हणणं अगदी हेच होतं, आणि त्यासाठी त्यांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. बावीस वर्षांनी तो नियम गेला. १८७० मध्ये नाताळ ही केंद्र सरकारची सुट्टी झाली, ती वॉशिंग्टनमधल्या सरकारी नोकरांसाठी. आज केंद्राच्या अकरा सुट्ट्यांपैकी उघडपणे धार्मिक अशी ही एकच. सरकार आणि धर्म वेगळे ठेवणाऱ्या देशात हे कसं चालतं, असा दावा सिनसिनाटीच्या एका वकिलाने लावला. १९९९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: सुट्टीला धर्माबाहेरचंही प्रयोजन आहे. निकाल सोयीचा आहे, पण त्यातून एक किंमत चुकवावी लागते. धर्माबाहेरचं प्रयोजन म्हणजे झाड, सांता आणि सेल. नाताळ ज्यांच्यासाठी खरोखर देवाचा सण आहे, त्यांनी या निकालावर खूश व्हावं की रडावं हे मला अजून कळलेलं नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

५ सप्टेंबर १८८२, मंगळवार. न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा हजार कामगार दिवसाचा रोज बुडवून रस्त्यावर उतरले आणि मिरवणुकीने युनियन स्क्वेअरकडे गेले. लेबर डेची ही पहिली मिरवणूक. कल्पना कोणाची यावर वाद आहे आणि तो मोठा मजेशीर आहे: एक पक्ष म्हणतो पीटर मॅग्वायर, दुसरा म्हणतो मॅथ्यू मॅग्वायर. एकाच्या आडनावाचं स्पेलिंग जरा वेगळं, एवढंच. सार्वजनिक गणेशोत्सव टिळकांचा की भाऊसाहेब रंगारींचा यावर पुण्यात २०१७ मध्ये जे रण माजलं, ते बघितलेल्यांना या वादाची चव कळेल.

पण सुट्टी मिळाली ती मिरवणुकीमुळे नव्हे. १८९४ मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या शिकागोच्या पुलमन कंपनीने मजुरी कापली. कामगार राहत होते कंपनीच्याच वसाहतीत, आणि घरभाडं मात्र कंपनीने कमी केलं नाही. संप झाला. यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे युनियनने पुलमनचे डबे ओढायला नकार दिला आणि गाड्या अडल्या. २८ जूनला अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी लेबर डेच्या कायद्यावर सही केली. आठवडाभरातच त्यांनीच पाठवलेलं सैन्य शिकागोत उतरलं, गोळ्या चालल्या, माणसं मेली, डेब्ज तुरुंगात गेले. एका हाताने सुट्टी, दुसऱ्या हाताने संगिनी.

आणि सुट्टी सप्टेंबरातच का? कारण कामगारांची दुसरी तारीख सरकारला नको होती. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी देशभर संप झाला होता, तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केटमध्ये बाँब फुटला, आणि पुरेशा पुराव्याविना चौघांना फाशी झाली. १८८९ मध्ये पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी जगभर पाळायला हीच १ मे ही तारीख निवडली. शिकागोत जन्मलेली तारीख जगाने उचलली आणि अमेरिकेने टाकली. पुढे १९५८ मध्ये तर तिथे १ मे हा 'निष्ठा दिन' आणि 'कायदा दिन' करून टाकला, म्हणजे चुकूनही कोणाला मूळ आठवू नये.

ही तारीख आपल्या घरी भिंतीवर टांगलेली आहे. १ मेला महाराष्ट्रात सुट्टी असते. हुतात्मा चौकात हार पडतात, शाळेत निकाल लागतो, आणि दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात 'कामगार दिन' छापलेलं असतं. शिकागोच्या आठ तासांच्या मागणीचा दिवस लालबाग-परळला सुट्टीचा आहे आणि खुद्द शिकागोत कामाचा.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती आपली रविवारची सुट्टी. ती इंग्रजांनी दिली, त्यांच्या चर्चमुळे आली, असं सर्रास सांगतात. चर्च होतं तिथे सरकारी कचेऱ्यांना रविवार होता. मुंबईच्या गिरण्यांत नव्हता. तो मागितला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतिरावांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस, 'दीनबंधू'चा संपादक. १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा, सह्यांचे अर्ज, गिरणी मालकांचे नकार. एप्रिल १८९० च्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. मागताना लोखंड्यांनी दिलेलं कारण फार देखणं आहे: रविवार हा खंडोबाचा वार.

इथे सातबारावाल्यांची पंचाईत होते. रविवार कोणाचा? ग्रहज्योतिषाने तो सूर्याला दिला, चर्चने येशूच्या पुनरुत्थानाला दिला, जेजुरीने मल्हारीला दिला. लोखंड्यांनी यातलं काही खोडलं नाही. त्यांनी फक्त अर्जात कामगारांचं नाव चढवलं. आज रविवारी सकाळी बटाटेवडे आणायला निघालेला माणूस यांपैकी कोणाचं नाव घेत नाही, ते ठीक आहे. पण ही सुट्टी साहेबाने दिली असं तो म्हणाला तर मात्र मी थांबवीन.

या माझ्या म्हणण्याला एक छेद जातो, तो लपवण्यात अर्थ नाही. अर्ज करणाऱ्याचा हेतू हाच सणाचा अर्थ असता तर ॲना जार्व्हिसचं काय झालं? तिची आई वेस्ट व्हर्जिनियात गावोगाव बायकांना जमवून स्वच्छतेचं, आजारी माणसांच्या सेवेचं काम करायची. आई गेल्यावर ॲनाने १९०८ च्या मे महिन्यात ग्राफ्टनच्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली आणि आईच्या आवडीची पांढरी कार्नेशनची पाचशे फुलं पाठवली. सहा वर्षांत, पत्रांवर पत्रं लिहून, तिने अध्यक्ष विल्सन यांच्याकडून मदर्स डे जाहीर करवला. नावातही तिचा आग्रह होता: एकवचन, प्रत्येकाने आपापल्या एका आईला आठवायचं. मग फुलवाले आले, मिठाईवाले आले, छापील कार्डं आली. आईला हाताने चार ओळी लिहिता येत नाहीत इतके तुम्ही आळशी, म्हणून ती कार्डांवर तुटून पडायची. १९२५ मध्ये फिलाडेल्फियात कार्नेशन विकणाऱ्या एका संघटनेच्या अधिवेशनात तिने गोंधळ घातला आणि तिला अटक झाली. शेवटी तर आपणच मागून घेतलेला हा दिवस रद्द करा म्हणून ती सह्या गोळा करत होती. १९४८ मध्ये एका सॅनिटोरियममध्ये गेली, हातात पैसा नाही, स्वतःला मूल नाही.

म्हणजे अर्ज मंजूर होण्याचाही धोका असतो. सरकारी शिक्का बसला की दुकानदाराला तारीख कळते. जूनटीन्थ जवळपास दीडशे वर्षं या धोक्यापासून लांब राहिला. १९ जून १८६५ ला टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमध्ये जनरल ग्रेंजर याने हुकूम काढला की गुलाम आता मुक्त आहेत. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू होऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. मुक्त झालेल्यांनी हा दिवस कोणाला न विचारता पाळायला सुरुवात केली. जमायला सार्वजनिक जागा मिळेना, तर १८७२ मध्ये वर्गणी काढून ह्यूस्टनमध्ये दहा एकर जमीन विकत घेतली. आजही तिथे एमान्सिपेशन पार्क आहे. केंद्राची सुट्टी झाली २०२१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी एका बड्या दुकानसाखळीला जूनटीन्थ आइस्क्रीम मागे घ्यावं लागलं.

सुट्टीचं आणखी एक ढोंग सांगतो. केंद्राच्या या अकरा सुट्ट्या बंधनकारक आहेत त्या केंद्र सरकारला. खाजगी मालकाने भरपगारी सुट्टी द्यावी असा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. त्यामुळे लेबर डेला ऑफिसातला माणूस बागेत कणसं भाजतो आणि 'लेबर डे सेल'च्या काउंटरवर मजूर उभाच असतो. बहिणीकडे असताना थँक्सगिव्हिंगच्या सकाळी दूध आणायला गेलो, तेव्हा गल्ल्यावरची गुजराती मावशी मला म्हणाली, "आज सुट्टी छे ने?" मी हो म्हणालो. ती हसली आणि सुटे पैसे मोजायला लागली.

आता आपला अर्ज. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली ती नोव्हेंबर २०२३ च्या कायद्याने. त्याआधी ईदने रांग लावली होती, चिनी नववर्षाने लावली होती. दिवाळीसाठी क्वीन्समधल्या दक्षिण आशियाई कुटुंबांनी आणि गयाना-त्रिनिदादहून आलेल्या हिंदूंनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. मराठी मंडळांना याची तितकीशी निकड नसावी, कारण आपण तिथे सण सोयीच्या शनिवारी करतो. बहिणीच्या गावातल्या मंडळाला एका वर्षी शाळेचा हॉलच मिळेना. शेवटी थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार मिळाला आणि चकल्या-करंज्यांसकट दिवाळी मार्गशीर्षात झाली. कोणाचं काही बिघडलं नाही. तिथी सोडायला आपण चटकन तयार होतो, सुट्टी मागायला मात्र लाजतो.

म्हणूनच न्यूयॉर्कचा तो कायदा बारकाईने वाचावा. त्यात दिवाळीची व्याख्या दिली आहे: भारतीय पंचांगातल्या आठव्या महिन्याचा पंधरावा दिवस. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो. त्या हिशोबाने आठवा महिना कार्तिक, त्याचा पंधरावा दिवस अमावास्या, झालं लक्ष्मीपूजन. आपला महिना अमावास्येला संपतो. आपलं लक्ष्मीपूजन आश्विनात, म्हणजे सातव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. हाच कायदा मराठी पंचांग मांडीवर घेऊन वाचला, तर न्यूयॉर्कच्या शाळांना दिवाळीची सुट्टी त्रिपुरी पौर्णिमेला द्यावी लागेल.